जुन्या रोड सायकलचा नवा टायर सारखा रिममधून सुटतोय? २७ बाय सव्वा इंची टायरवाल्यांसाठी

ज्यांच्याकडे ७०-८० च्या दशकातली, पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल आहे आणि नवीन टायर टाकल्यापासून काही ना काही चालूच आहे, कधी टायर बाहेर येतो, कधी चाक उडतं, कधी एकाच जागी पंक्चर, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा पुढचा टायर अडीच महिन्यांत तीनदा सुटला आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. म्हणूनच शोधायला एवढा वेळ गेला, कारण दर वेळी वाटायचं की मागच्या वेळचंच काहीतरी राहिलं असेल.

सायकल माझ्या मामाची. नॉटिंगहॅमला बनलेली रॅले, दहा गिअरची, स्टीलच्या क्रोम रिम, सेंटरपुल ब्रेक (केबल मधोमध ओढते ते). मामा तिकडे नोकरीला होता, १९८१ ला परत आला तेव्हा घरच्या सामानाबरोबर जहाजानं ती पण आणली. तो गेल्यावर मामीनं मला दिली, "भंगारात जाऊ देऊ नकोस, चालव" एवढंच म्हणाली. त्यामुळे ही सायकल मला भिंतीवर टांगून ठेवायची नाहीये, रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचंय.

पहिल्यांदा काय झालं ते सांगतो. जुने टायर बाजूनं तडकलेले होते, धागे दिसत होते. ते घेऊन एका दुकानात गेलो, टायरवर लिहिलेलं २७ × १ १/४. दुकानदार म्हणाला हा साइज आता येत नाही, पण साधा मोठ्या सायकलचा २८ दीड बसतो, आम्ही टाकून देतो. टाकला. अगदी सहज चढला, लिव्हर (टायर चढवायची पट्टी) पण लागला नाही, नुसत्या हातानं. मी खूश. हवा कमी होती तोवर दोन दिवस चालला, फक्त चाक फिरताना वर-खाली होत होतं. तिसऱ्या दिवशी हवा जरा टाईट भरली आणि वारज्याच्या पुलाच्या अलीकडे टायरची कड बाहेर, ट्यूबचा फुगा बाहेर आणि धाडकन आवाज. पुढचं चाक होतं, वेग कमी होता म्हणून पडलो नाही.

कारण शुद्ध आकड्यांचं आहे. टायरवर इंचात जे लिहितात त्यावरून टायर रिमवर बसेल की नाही ते कळतच नाही. बघायचा असतो तो मिलिमीटरमधला तीन अंकी आकडा, म्हणजे टायरच्या कडेची तार रिमवर जिथे टेकते तिथला व्यास. २७ बाय सव्वाचा तो आकडा ६३०. आपल्याकडच्या साध्या उंच सायकलचा २८ बाय दीड म्हणजे ६३५. हल्लीच्या रोड सायकलींचा ७०० सी म्हणजे ६२२. कागदावर ६३० आणि ६३५ मध्ये फरक फक्त ५ मिमी, पण परिघात तो जवळजवळ १६ मिमी होतो, म्हणजे टायरची तार रिमवर दीड सेंटिमीटर ढिली. ढिली तार हवेच्या दाबाला किती वेळ थांबणार? आणि उलट बाजूनं, ६२२ चा टायर ६३० च्या रिमवर चढवायला गेलात तर परिघ २५ मिमीनं कमी पडतो, तो चढणारच नाही, कितीही लिव्हर लावा, टायर तरी फाटेल नाहीतर बोटं सोलवटतील.

म्हणून नियम असा धरा, नवा टायर जर लोण्यासारखा चढला तर खूश होऊ नका, आधी आकडा बघा. नव्या टायरच्या बाजूवर ३२-६३० असं काहीतरी छापलेलं असतं, पहिला आकडा रुंदी, दुसरा हा व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, तिथे "चालून जाईल" असं काही नसतं. पहिल्या आकड्यात थोडं इकडेतिकडे चालतं. २७ बाय १, २७ बाय १ १/८, २७ बाय सव्वा हे सगळे ६३० च, फक्त जाडी वेगळी.

ऑनलाइन मागवताना अजून दोन सापळे आहेत. २७.५ नावाचा टायर हा डोंगरी सायकलचा, त्याचा आकडा ५८४, आपल्या २७ शी त्याचा काही संबंध नाही, पण सर्च केलं की तोच आधी येतो. आणि २८ इंची म्हणून जे विकतात त्यात काही ६३५ असतात आणि काही ६२२, म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळे टायर. विकणाऱ्याला बाजूवरच्या आकड्याचा फोटो मागा, फोटो नाही दिला तर घेऊ नका. ६३० मध्ये पॅनारेसरचा पासेला, श्वाल्बे, कॉन्टिनेंटल, केंडा यांचे टायर निघालेत, आपल्याकडे दुकानात सहसा नसतात, मागवावेच लागतात. मी परदेशातून येणाऱ्या मित्राकडून मागवले, घडी करून पिशवीत आले.

जुन्या टायरवर मिलिमीटरचा आकडा नसेल (माझ्या टायरवर नव्हता) आणि इंचाचा पण पुसला गेला असेल तर रिम मोजा. टायर काढा, स्टीलच्या टेपनं रिमच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, बरोबर मधून. ७०० सी असेल तर साधारण ६३४ मिमी येईल, २७ असेल तर ६४२ च्या आसपास, २८ दीड असेल तर ६४७ च्या आसपास. दोन-तीन ठिकाणी मोजा कारण जुनं चाक बरेचदा पूर्ण गोल नसतं. कापडी टेप वापरू नका, तो ताणला जातो आणि इथे ५ मिमीचाच खेळ आहे.

एक अजून, दुकानदार कधीकधी माळ्यावरून एखादा जुना पण न वापरलेला २७ चा टायर काढून देतात, "ओरिजिनल आहे, नवा आहे" म्हणून. वाकवून बघा. बाजूला बारीक चिरा दिसल्या, रबर कडक लागलं तर तो सोडून द्या. तीस-चाळीस वर्षं माळ्यावरच्या उन्हाळ्यात रबर आणि आतला दोरा दोन्ही सुकतात. दिसायला छान दिसतो, रस्त्यावर घ्यायचा नाही.

आता दुसरी वेळ. बरोबर ६३० चा टायर आला, बसवला, ह्या वेळी दोन्ही हातांनी जोर लावावा लागला, मला वाटलं झालं काम. टायरवर ९० पौंड म्हणजे ९० पीएसआय लिहिलेलं, मी गेजवाला (दाबाचा आकडा दाखवणारा) पंप घेऊन ९० भरली. सायकल गॅलरीत. दुसऱ्या दिवशी मे महिन्यातलं दुपारचं ऊन आणि कोणी हात न लावता फटाका. आई स्वयंपाकघरातून धावत आली. ट्यूबला वीतभर फाट.

ह्याचं उत्तर मला रास्ता पेठेतल्या एका वयस्कर सायकलवाल्या काकांनी दिलं. त्यांनी टायर बघितलाच नाही, रिम हातात घेतली आणि भिंतीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं. म्हणाले, "ह्याला ओठ नाय. तू ह्यात नव्या सायकलची हवा भरली." मग शेजारच्या नव्या चाकाच्या रिमवर माझं बोट धरून फिरवलं, तिथे कडेला आतल्या बाजूला बारीक वळलेली धार लागते. तो ओठ, म्हणजेच हुक. टायरची कड हवेच्या दाबानं बाहेर-वर सरकायला लागली की त्या हुकात अडकते. जुन्या स्टीलच्या रिमची भिंत सरळ उभी असते, तिथे टायरला धरायला काही नाही, फक्त तारेचा ताण आणि घर्षण. असा हुक असलेल्या ॲल्युमिनियमच्या हलक्या रिम मॅव्हिकनं १९७५ च्या सुमाराला आणल्या आणि त्यानंतर पातळ टायरमध्ये जास्त हवा भरणं सोपं झालं. पण साध्या आणि मधल्या किमतीच्या सायकली त्यानंतरही कितीतरी वर्षं सरळ भिंतीच्या स्टील रिमवरच निघत होत्या.

म्हणजे टायरवर लिहिलेला आकडा हा टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या रिमची नाही. रिमला हुक नसेल तर ७० च्या वर जाऊच नका. माझं वजन ६८ किलो आहे, मी पुढे ५५ आणि मागे ६५ ठेवतो, ३२ मिमीच्या टायरला एवढी भरपूर झाली आणि खड्ड्यातून जाताना हाताला पण बरं वाटतं. वजन जास्त असेल तर मागे ७० करा, त्याहून जास्त लागत असेल तर हुकवाली ॲल्युमिनियम रिम बसवून घ्या, ६३० मध्ये त्या बनतात. तसंही ओल्या क्रोम रिमवर ब्रेक लागत नाहीत, पावसाळ्यात ज्यांनी चालवलंय त्यांना माहितीये. आणि पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरवर अशा टायरमध्ये हवा भरू नका, दोन सेकंदांत कुठच्या कुठे जाते.

गेजबद्दल एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. आपल्या साध्या सायकलचा हवा भरायचा वॉल असतो ना, आत रबरी वॉलट्यूबवाला, त्यात पंपाच्या गेजवर दिसणारी हवा आणि ट्यूबमधली खरी हवा सारखी नसते, कारण त्या रबराला ढकलून आत शिरायला पंपाला जास्त दाब द्यावा लागतो. गेज जास्त दाखवतो, आत कमी असते. मोटरसायकलसारखा जाड वॉल किंवा पातळ प्रेस्टा वॉल असेल तर गेजचं खरं मानता येतं.

तिसरी वेळ मला जास्त लागली कारण आता टायर बरोबर, हवा बरोबर, तरीही सुटला. बसवल्यावर दहा मिनिटांत, वॉलच्या शेजारीच. काकांकडे ट्यूब घेऊन गेलो. त्यांनी फाट बघितली आणि म्हणाले ट्यूब तारेखाली चावलेली आहे. झालं असं होतं की मी टायर वॉलपासून चढवायला सुरुवात केली आणि शेवटचा घट्ट भाग वॉलच्या समोर आला, तिथे लिव्हर घातला. खरं तर उलटं करायचं. रिमच्या मध्यभागी जो खोलगट नाला असतो ना, टायरची तार त्या नाल्यात उतरवली तरच समोरच्या बाजूला ढील मिळते, आणि वॉलपाशी तार नाल्यात उतरूच शकत नाही कारण तिथे वॉलचा बुंधा बसलेला असतो. म्हणून सुरुवात वॉलच्या समोरून आणि शेवट वॉलपाशी. आणि शेवट झाला की वॉल बोटानं आत, टायरच्या दिशेनं ढकलून सोडायचा, म्हणजे बुंध्याजवळची ट्यूब तारेखाली अडकली असेल तर सुटते. हे मी केलंच नव्हतं.

आता मी टायर कसा बसवतो ते सगळं सांगतो, घाई करू नका, एका चाकाला मला अर्धा-पाऊण तास लागतो. आधी रिम आतून रॉकेलच्या फडक्यानं पुसतो, गंज असेल तर तारेची घासणी नाहीतर पॉलिश पेपर. मग स्पोकची टोकं बघायची, जुन्या स्टीलच्या रिमला एकच पत्रा असतो, निपलचं (स्पोक आवळायच्या नटाचं) डोकं थेट ट्यूबच्या खाली येतं, आणि कोणी पूर्वी आऊट काढताना (चाक सरळ करताना) स्पोक जास्त ओढले असतील तर टोक निपलच्या वर आलेलं असतं. ते कानशीनं घासून सपाट करायचं. त्यावर कापडी रिम पट्टी. जुनी रबरी पट्टी असेल तर काढून टाका, ती कडक होऊन सरकलेली असते. वायरिंगची चिकटपट्टी लावू नका, उन्हानं गोंद वितळतो आणि पट्टी एका बाजूला जाते. पट्टीची रुंदी नाल्याएवढीच हवी, तार जिथे टेकते तिथपर्यंत ती चढली तर टायर कधीच सरळ बसणार नाही.

ट्यूब २७ चीच पाहिजे म्हणून अडून बसू नका. ७०० × २८-३२ ची ट्यूब चालते, बऱ्याच डब्यांवर खाली २७ × १ १/४ पण लिहिलेलं असतं. वॉलचं भोक मात्र बघा. जाड वॉलला साधारण साडेआठ मिमीचं भोक असतं, प्रेस्टाला साडेसहा. जाड भोकात पातळ वॉल घातला तर तो हलत राहतो आणि बुंध्याशी ट्यूब कापली जाते, अशा वेळी भोकात रबरी बुश घालायचं. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळा, घरात टाल्कम पावडर असेल तर ती. टायरवरचं नाव वॉलपाशीच येईल असं लावा, नंतर पंक्चर झालं तर ट्यूबमधलं भोक बघून टायरमध्ये काटा कुठे असेल ते लगेच सापडतं.

टायरची एक बाजू आधी पूर्ण चढवायची, मग ट्यूबमध्ये तोंडानं फुंकून ती जेमतेम गोल होईल एवढी हवा, वॉल भोकात, ट्यूब आत सरकवायची, कुठे पीळ नको. मग दुसरी बाजू, वॉलच्या समोरून दोन्ही हातांनी दोन्हीकडे येत येत. शेवटी दहा-बारा इंच उरतं आणि ते घट्ट लागतं. तिथे लगेच लिव्हर नको, पुन्हा समोरच्या बाजूला जाऊन तार चिमटून नाल्यात ढकलत ढकलत या, ढील मिळते, मग तळव्यानं लोटून चढतो. लिव्हर लागलाच तर प्लॅस्टिकचा, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. मग टायर दोन्ही अंगठ्यांनी बाजूला सारत पूर्ण चक्कर मारून आत बघायचं, दोन्ही बाजूंनी, कुठेही ट्यूब दिसली नाही पाहिजे.

हवा तीन टप्प्यांत. आधी २० पौंड, चाक फिरवून बघायचं. टायरच्या बाजूला रिमच्या जवळ एक बारीक उठलेली रेघ असते, ती सगळीकडे रिमच्या कडेपासून सारख्या अंतरावर पाहिजे. एका जागी ती रिममध्ये बुडलेली असेल तर तिथे टायर खाली बसलाय, एका जागी जास्त वर असेल तर तिथे बाहेर यायच्या बेतात आहे आणि पुढे हवा भरली तर तिथूनच सुटणार. ज्यांचं चाक उडतं त्यांनी आऊट काढायला जायच्या आधी ही रेघ बघा, कारण बरेचदा चाक सरळ असतं आणि टायरच वाकडा बसलेला असतो. हवा सोडा, त्या भागात हातानं ओढून-दाबून जागेवर आणा, परत भरा. टायर खाली बसलेलाच राहत असेल तर कडेला साबणाचं पाणी लावा, पण सरळ भिंतीच्या रिमवर पाणी पूर्ण सुकेपर्यंत ३० च्या वर जाऊ नका, कारण ओला साबण म्हणजे घर्षण गेलं, आणि आपला टायर घर्षणावरच उभा आहे. तेल, ग्रीस तर कधीच नाही, रबर खराब होतं. रेघ बरोबर असेल तर ४०, परत बघा, मग शेवटची हवा. आणि एक रात्र ठेवा, लगेच रस्त्यावर घेऊ नका.

तरीही पंक्चर होत राहिलं तर ट्यूब फेकू नका, ती सांगते काय झालं ते. लांब, वेडीवाकडी फाट असेल तर टायर सुटलाय किंवा ट्यूब तारेखाली चावली गेलीये, टायरमध्ये काटा शोधत बसण्यात अर्थ नाही. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चावली. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर स्पोक किंवा पट्टी. वॉलच्या बुंध्याशी असेल तर भोकाची धार, कानशीनं गोल करा, आणि वॉलवर रिमला टेकणारी जी गोल चकती असते ती पान्यानं आवळू नका. माझ्या मागच्या चाकाला दोनदा आतल्या बाजूला पंक्चर निघालं आणि दोन्ही वेळा दुकानात टायरला हात फिरवून काही नाही म्हणाले, पंक्चर काढून दिलं, तिसऱ्यांदा मी स्वतः पट्टी काढली तर एक स्पोक दीड मिमी वर.

ब्रेकचं राहिलंच. नवा टायर बसला की ब्रेकची रबरं तपासा, ती पूर्णपणे रिमवरच टेकली पाहिजेत. वरच्या बाजूनं थोडी जरी टायरला लागत असली तर दोन-तीन आठवड्यांत टायरची बाजू कापली जाते आणि मग वाटतं टायरच खराब होता. ज्यांना २७ चा कंटाळा येऊन ७०० सी ची चाकं टाकायची आहेत त्यांना रबरं ४ मिमी खाली न्यावी लागतील, जुन्या सेंटरपुल ब्रेकमध्ये बरेचदा तेवढी जागा निघते, पण चाकं विकत घेण्याआधी मोजा. मागचं चाक परत लावताना चेन सगळ्यात लहान चकतीवर ठेवा, टायरची हवा सोडलेली ठेवा म्हणजे ब्रेकच्या रबरांमधून जातो, आणि नट दोन्ही बाजूंचे आलटून पालटून आवळा, नाहीतर चाक तिरकं होऊन टायर फ्रेमला घासतो. पुढच्या बाजूला मडगार्डमध्ये पण बोट जाईल एवढी जागा आहे ना बघा, माझ्या सायकलला मडगार्डचा एक स्क्रू आतून लांब होता, तो टायरला रेघ पाडत होता, कापून टाकला.

आता पाचवा महिना चालू आहे, पाऊस पण झाला, टायर जागेवर आहेत. पुढच्या वेळी टायर बदलायला मीच असेन असं नाही, म्हणून दोन्ही रिमच्या नव्या पट्टीवर आतल्या बाजूनं मार्करनं ३२-६३० लिहिलंय आणि खाली "हुक नाही, ६५ पौंड".